कुंपणांना भोकं पाडणारी ग्लेनिस

ग्लेनिस ट्रँटरने एकदा जाहकासाठी बस थांबवली होती. गावात अजून कुणी तिचं नाव काढलं की आधी हीच गोष्ट निघते.

ऑक्टोबरातली सकाळ होती, नऊ वाजायला पाच-सात मिनिटं कमी. ग्लेनिस शाळेसमोर रोजच्या जागी उभी होती, अंगात पिवळाजर्द कोट, हातात काठीला लावलेली, 'थांबा' लिहिलेली गोल पाटी. पोरांना रस्ता ओलांडून देणं हे तिचं काम. शेवटचं पोर फाटकातून आत पळालं आणि ती काठी खाली टेकवणार, तोच पलीकडच्या पदपथावरून एक जाहक उतरला. नारळाएवढा जीव, पाठभर काटे, हात लावला की अंगाचा चेंडू करून बसणारा. हा अंधारात हिंडणारा प्राणी. दिवसाउजेडी दिसला म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलंय, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हा तर झोकांड्या खात होता. आणि वळणावरून श्रूझ्बरीची बस आली.

ग्लेनिस पाटी उंच धरून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय गं ग्लेनिस, पोरं कुठायत?"

"हे काय, एक राहिलंय."

"कितवीत आहे?"

"पहिलीत. चालायला हळू आहे. गप बस जरा."

तिने तो जीव कोटात गुंडाळला आणि तडक घर गाठलं. घरी जाऊन बशीत दूध ओतलं, पण मन मानेना म्हणून शेजारच्या ॲव्हरिलला हाक मारली.

ॲव्हरिल पास्क सव्वीस वर्षं गावच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन आणि कागदपत्रं सांभाळून निवृत्त झाली होती. नवरा केव्हाच दुसरीकडे संसार थाटून बसला होता. नीटनेटकी बाई, बोलण्यात धार. ती आत आली, बशी पाहिली आणि तिने ती सरळ मोरीत रिकामी केली.

"मारायचाय का त्याला? दूध पचत नाही यांना, हगून हगून मरतात. पाणी ठेव. आणि माझ्या मांजराचं खाणं आणते, मटणाचं आहे."

"तुला कसं गं एवढं माहीत?"

"माझा बाप माळी होता. गोगलगाई खातात म्हणून जीव टाकायचा यांच्यावर."

दोघींनी जाहकाला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. तीनशे ऐंशी ग्रॅम. एवढ्या वजनावर थंडीची झोप घेतली तर हा उठायचा नाही, ॲव्हरिल म्हणाली. मग खोक्यात गवत भरून तो हिवाळाभर ॲव्हरिलच्या मागच्या खोलीत राहिला. एप्रिलमध्ये ग्लेनिसच्या बागेत सोडला, तेव्हा तो साडेसातशे भरला होता. सोडल्यावर तो कुंपणाच्या कडेकडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. फळ्या जमिनीला घट्ट टेकलेल्या. दोघी खुर्च्या टाकून बघत बसल्या होत्या.

"एका बागेत भागत नाही त्याचं," ॲव्हरिल म्हणाली. "मैलभर चालायचं असतं त्याला एका फेरीत. आणि आपण बघ, तुरुंग बांधून ठेवलेत."

ग्लेनिस उठली, नवऱ्याची करवत घेऊन आली. केनला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती; करवतीला गंज चढला होता. दोघींच्या बागांमधल्या कुंपणाला तिने तळाशी पाच इंचांचं चौकोनी भोक पाडलं. जाहक त्यातून पलीकडे गेला आणि वळूनही न बघता ॲव्हरिलच्या गुलाबांत दिसेनासा झाला.

तिथून सगळं सुरू झालं.

त्यांच्या गल्लीत, सॉरेल लेनमध्ये, बावीस घरं. ग्लेनिसने एकेक दार वाजवलं. पोरांना रोज रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईला कुणी दारातून हाकलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आईबापांना ती तोंडावर म्हणायची, "तुझ्या पोराला मी सात वर्षं हात धरून नेलंय, आता माझं एक काम कर." पानांचा ढीग कोपऱ्यात तसाच राहू दे. डबक्याला एक तिरपी फळी लाव, पडला तर चढून येईल. वाटाण्याची जाळी जमिनीपासून वर बांध. पाच नोव्हेंबरला, फटाक्यांच्या रात्री, शेकोटी पेटवण्याआधी लाकडांचा ढीग उचकून बघ, आत एखादा झोपलेला असेल. आणि कुंपणाला भोक.

शेवटच्या घरातला डग्लस वीव्हर तेवढा अडून बसला. निवृत्त पोलीस हवालदार, सॅलडच्या वाफ्यावर जीव.

"भोक? माझ्या कुंपणाला? चोर शिरतील."

"पाच इंचांतून?"

"बारीक चोर असतात."

"एवढा बारीक चोर तू पकडला असतास ना डग्लस, तर तुझा फोटो पेपरात आला असता."

डग्लसने दार लावून घेतलं. तो गोगलगाईंसाठी विषारी निळ्या गोळ्या टाकायचा आणि ग्लेनिस त्यावरून त्याच्याशी भर दुकानात भांडायची. पुढच्या उन्हाळ्यात एके सकाळी त्याच्या वाफ्यात एक मादी मरून पडलेली सापडली. तिची आचळं दुधाने भरली होती, म्हणजे पिल्लं कुठेतरी वाट बघत असणार. डग्लसने ग्लेनिसला बोलावलं आणि दोघं दिवसभर झुडपं उचकत फिरले, पण पिल्लं मिळाली नाहीत. दुसऱ्या दिवशी डग्लसच्या बागेतून करवतीचा आवाज आला.

अकरा वर्षांत बावीसपैकी एकोणीस कुंपणांना भोकं पडली. उन्हाळ्यात, आकाशात अजून उजेड असताना, ग्लेनिस आणि ॲव्हरिल दाराशी खुर्च्या टाकून बसायच्या, चहा प्यायच्या आणि वाट बघायच्या. कोण आला, कुठून आला, बरोबर पिल्लं होती का, सगळं ग्लेनिस वहीत लिहायची. अशा सात वह्या झाल्या.

त्या वह्या तिने दुसऱ्या कुणाला कधी दाखवल्या नाहीत. ग्लेनिसचं स्पेलिंग वाईट होतं. नुसतं वाईट नाही, भीषण. शाळेत एक मास्तरीण तिचा निबंध चुकांसकट वर्गासमोर वाचून दाखवायची आणि सगळा वर्ग खिदळायचा. पंधराव्या वर्षी शाळा सुटली ती त्याच जखमेसकट. केन होता तोवर पत्रं तो लिहायचा. केन गेला तेव्हा मृत्यूच्या नोंदीपासून पेन्शनपर्यंतचे सगळे कागद ॲव्हरिलने भरले. ग्लेनिसने फक्त सह्या केल्या, त्याही न वाचता. तिचं लिखाण वाचणारं जगात एकच माणूस उरलं होतं आणि ते शेजारी राहत होतं.

गल्लीच्या पाठीमागे हॉकलेची बाग होती. जुनी सफरचंदाची झाडं, कमरेएवढं काटेरी जाळवंड आणि कडेने हॉथॉर्नच्या झुडपांचं दाट कुंपण. वीस वर्षांत तिथे कुणी विळा लावला नव्हता. थंडीत सगळे जाहक तिथे झोपायचे. पानं ओढून नेऊन जाळवंडाखाली गोल घरटी करायचे. म्हातारा हॉकले वारला, शहरातल्या पुतण्याने बाग विकली आणि अठरा घरांचा आराखडा आला.

गल्लीत आरडाओरडा झाला. ग्लेनिसने केला नाही. "लोकांनी राहायचं कुठं मग?" ती म्हणाली. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. हॉथॉर्नचं कुंपण तेवढं ठेवा, आणि जाळवंड थंडीत काढू नका, एप्रिलनंतर काढा. तोवर ते उठलेले असतात.

घरांना परवानगी देणाऱ्या कौन्सिलला लेखी कळवायचं होतं. जूनमध्ये ती वह्या मांडीवर घेऊन ॲव्हरिलच्या स्वयंपाकघरात बसली.

"यात सगळं आहे गं. कुठे झोपतात, किती, कधी उठतात. पण हे असं कसं देऊ? हसतील."

ॲव्हरिलने चहाचा कप बाजूला सारला आणि हात पुढे केला. "दे इकडे. मी टाइप करते, तुझ्या नावाने पाठवते."

"सातही?"

"सातही. तू काळजी करू नकोस."

ग्लेनिस दर आठवड्याला विचारायची. "पाठवलंस?" "पाठवलं गं." "उत्तर?" "कौन्सिल आहे ती, ग्लेनिस. त्यांना शिंकायला महिना लागतो."

सप्टेंबरात गावच्या सभागृहात बैठक झाली. परवानगी आधीच्याच आठवड्यात मिळाली होती. आता बिल्डरचा माणूस आणि कौन्सिलची एक तरुण अधिकारी लोकांना काय काय होणार ते सांगायला आले होते. ग्लेनिस ठेवणीतलं निळं जाकीट घालून दुसऱ्या रांगेत बसली होती, शेजारी ॲव्हरिल. काम जानेवारीत सुरू, जाळवंड आणि कुंपण आधी निघेल, असं बिल्डरचा माणूस म्हणाला, तशी ग्लेनिस उठली. चार माणसांत बोलायची तिला सवय नव्हती.

"जानेवारीत नाही चालणार. तिथे जाहक झोपलेले असतात. आम्ही कळवलंय तुम्हाला."

अधिकारी बाईने कागद चाळले. "तुमचं नाव?"

"ट्रँटर. ग्लेनिस ट्रँटर. अकरा वर्षांच्या नोंदी आहेत त्या."

"मिसेस ट्रँटर, जाहकांबद्दल आमच्याकडे एकही नोंद आलेली नाही. फेब्रुवारीत पाहणी करणारा माणूस एक दिवस येऊन गेला, त्याला काही दिसलं नाही."

"फेब्रुवारीत कसे दिसतील? झोपलेले असतात!"

"म्हणूनच तर इथल्या लोकांच्या नोंदी लागतात आम्हाला," ती बाई म्हणाली. खरंच वाईट वाटल्यासारखी म्हणाली. "आल्या असत्या तर कुंपण ठेवायची अट आम्ही सहज घातली असती. कामाची तारीखही पुढे नेली असती. इतर ठिकाणी करतो आम्ही."

ग्लेनिस ॲव्हरिलकडे वळली. "अगं सांग ना त्यांना, कधी पाठवलंस ते."

ॲव्हरिल मांडीवरची पर्स उघडून आत काहीतरी शोधत होती. शोधतच राहिली.

तेवढ्यात मागून डग्लसचा आवाज आला. तो भिंतीवरच्या नकाशापाशी चष्मा कपाळावर चढवून उभा होता. "हा नवा रस्ता आत कुठून येतोय? ही तर चौदा नंबरची बाग दिसतेय."

चौदा नंबर ॲव्हरिलचं घर.

"हो," बिल्डरचा माणूस म्हणाला. "बाजूची पट्टी मालकीणबाईंनी आम्हाला दिली. मार्चमध्येच करार झाला."

मार्चमध्ये. ग्लेनिस उभीच होती. तिने वह्या दिल्या जूनमध्ये. म्हणजे 'दे इकडे' म्हणून हात पुढे करणाऱ्या बाईने तीन महिने आधीच सही केलेली होती. रस्ता मिळाल्याशिवाय घरं होत नव्हती आणि घरांना आडवं येईल असं गावात काही असेल, तर त्या सात वह्या. ग्लेनिसने त्या कुठे लपवून ठेवल्या नव्हत्या, की चोराव्या लागतील. स्वतःच नेऊन हातात दिल्या होत्या.

ती सभागृहातून एकटी चालत घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या दाराने ॲव्हरिलकडे गेली, नेहमीसारखी, दार न वाजवता. ॲव्हरिल टेबलाशी बसली होती. रात्री झोपली नसावी. वह्या सुपरमार्केटच्या पिशवीत घालून टेबलावर काढून ठेवल्या होत्या.

"कुठे होत्या?" ग्लेनिसने विचारलं.

"चादरींच्या कपाटात."

"एकदा तरी उघडल्यास?"

ॲव्हरिलने पिशवी तिच्याकडे सरकवली. मग एकदम बोलायला लागली. "माझा खुबा गेलाय ग्लेनिस, जिना चढवत नाही. लेक नॉरफोकला बोलावतेय, तिच्याजवळ घर घ्यायचं तर नुसतं हे घर विकून पुरत नव्हतं. बाजूची पट्टी दिल्यावरच जमलं. मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायचं होतं."

"तू काय केलं असतंस?"

"रडले असते. मग वह्या दुसऱ्या कुणाकडे दिल्या असत्या."

"तेच तर!" ॲव्हरिलच्या तोंडून निघून गेलं.

ॲव्हरिलच्या लक्षात आलं असावं, की आपण नको ते बोललो. पण मागे यायच्या ऐवजी ती आणखी पुढे गेली. "आणि खरं सांगू? ते पान न् पान वाचून हसले असते तुला. 'जाहक' हा एक शब्द तू चार तऱ्हांनी लिहितेस. वाचवलं मी तुला."

हा घाव ग्लेनिसला अपेक्षित नव्हता. जमीन विकणं तिने एखादवेळी समजून घेतलं असतं. खुबा दुखतो, लेक बोलावते, माणसं सोयीने वागतात. पण जी जागा आपण फक्त हिलाच दाखवली होती, नेमक्या त्याच जागी हिने बोट घातलं.

तिने पिशवी उचलली. "वाचवलंस," ती म्हणाली. "उपकार झाले." आणि पुढच्या दाराने बाहेर पडली. इतक्या वर्षांत त्या घराच्या पुढच्या दाराने ती कधी गेली नव्हती.

ते तिघींचौघींच्या तोंडी गल्लीभर झालं. ॲव्हरिलशी बोलणं कुणी टाकलं, कुणी नाही. ग्लेनिसने कुणाला भरीस घातलं नाही, पण चहाला शेजारी खुर्ची टाकणं बंद केलं. ऑक्टोबर ओलांडला, पानं गळली आणि कोपऱ्याकोपऱ्यातून तोंडात पानं धरून जाहक हॉकलेच्या बागेकडे जाताना दिसू लागले. ते बघणं तिला सोसवेना. तिने मागचा पडदा ओढून घेतला.

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी खोदाईचं यंत्र आलं. ग्लेनिस सकाळी शाळेवर गेली, पोरं सोडली आणि कोट न उतरवता सरळ बागेच्या फाटकाशी आली. तिथला मुकादम कॉलम नावाचा आयरिश माणूस होता, थंडीने लाल झालेलं नाक आणि कानावर पेन्सिल.

"बाई, आत यायचं नाही."

ग्लेनिसने काखेतली वही काढली, उघडली आणि त्याच्यासमोर धरली. "स्पेलिंगकडे बघू नका. नकाशा बघा. जिथे फुल्या आहेत तिथे झोपलेत ते."

कॉलमने वही हातात घेतली. तो बराच वेळ वाचत राहिला, ओठ हलवत, बोट ओळीवरून फिरवत. "माझंही असंच आहे," तो शेवटी म्हणाला. "परीक्षेत तर मी माझं नाव चुकवलं होतं." मग यंत्राच्या ड्रायव्हरकडे बघून ओरडला, "बंद कर ते! दोन दिवस त्या बाजूची झाडं तोड, इकडे येऊ नकोस." आणि ग्लेनिसला म्हणाला, "दोन दिवस. तिसऱ्या दिवशी माझी नोकरी जाईल."

डग्लस हातमोजे आणि दोन फावडी घेऊन आला. आणखी पाच-सहा जण आले. जाळवंड हाताने कापत, पानं एकेक करून बाजूला करत ते पुढे सरकत होते. पहिलं घरटं दुपारी मिळालं: पानांचा घट्ट गोळा, आत थंडगार, दगडासारखा निपचित जीव, मिनिटामिनिटाने एखादा श्वास. झोपेतून असा उठवलेला जाहक जगेलच याची खात्री नसते. पण तिथे ठेवला तर मरणारच होता.

ठेवायला खोकी कमी पडली. ग्लेनिस वळली तर फाटकाशी ॲव्हरिल उभी. काठी टेकत आलेली, दुसऱ्या हाताने ढकलगाडी, गाडीत आठ खोकी, प्रत्येकात कोरडं गवत नीट दाबून भरलेलं. कसं भरायचं ते तिच्याइतकं कुणालाच येत नव्हतं.

"ग्लेनिस," ती म्हणाली.

ग्लेनिसने गाडी घेतली. खोकी उतरवली, रिकामी गाडी परत नेऊन दिली. ॲव्हरिल थोडा वेळ उभी राहिली. कुणी तिला फावडं दिलं नाही. मग ती हळूहळू घरी गेली.

दोन दिवसांत अकरा घरटी मिळाली, नऊंत जाहक होते. पुढच्या गावात जखमी प्राणी सांभाळणाऱ्या बाई होत्या, त्यांच्या शेडमध्ये नऊही नेले. वसंतापर्यंत पाच जगले. बुधवारी सकाळी यंत्राने हॉथॉर्नचं कुंपण मुळासकट उपटलं. जाळवंडाचा एक कोपरा तपासायचा राहून गेला होता. तिथे किती होते, कुणालाच कळलं नाही. कॉलम त्या दिवशी ग्लेनिसच्या नजरेला नजर देत नव्हता.

मे महिन्यात ॲव्हरिलचा ट्रक आला. सामान भरून झाल्यावर तिने ग्लेनिसचं दार वाजवलं. पुढचं दार. ग्लेनिस आत जिन्याच्या पायरीवर बसली होती. दाराच्या काचेतून तिला ॲव्हरिलची आकृती दिसत होती, काठीही दिसत होती. पुन्हा टकटक झाली. ग्लेनिस उठली नाही. ट्रक गेल्याचा आवाज आला, तेव्हा तिने जिन्याचा कठडा सोडला.

त्या उन्हाळ्यात गल्लीत दोनच जाहक दिसले. ॲव्हरिलच्या गुलाबांच्या जागी डांबरी रस्ता झाला आणि जूनमध्ये त्या रस्त्यावर एक चिरडला गेला, तेव्हा एकच राहिला. ग्लेनिसने तेही लिहून ठेवलं. शेडमधले पाच तिने खोदाईची यंत्रं गेल्यावर, ऑगस्टमध्ये, आपल्या बागेत सोडले. नव्या अठरा घरांची कुंपणं सिमेंटच्या पट्टीवर उभी होती, करवत चालण्यासारखी नव्हती. डग्लसकडे काँक्रीट कापायचं यंत्र होतं. ग्लेनिस दारं वाजवायची, तो मागे यंत्र घेऊन उभा राहायचा. सात घरं कबूल झाली. एका बाईने पोलीस बोलवायची धमकी दिली, तेव्हा डग्लस म्हणाला, "आलोय ना."

नाताळात नॉरफोकहून कार्ड आलं. आत ॲव्हरिलचं सुबक अक्षर, दोन पानं भरून. ग्लेनिसने पहिली ओळ वाचली आणि घडी घालून ठेवून दिलं. फेकलं मात्र नाही.

डग्लसने ते शेल्फावर पाहिलं. "आठवण येते का गं तिची?"

"रोज," ग्लेनिस म्हणाली. "संध्याकाळी तर फारच. नसती आली तर एवढा राग कशाला राहिला असता?"

मग तिने किटली ठेवली आणि त्याला दोन बिस्किटं दिली.